गाडी मागे जात आहे

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली, क्लच अलगद सोडला, आणि जीप मागे जाऊन त्यांच्याच शाळेच्या पाटीवर आदळली. पाटीवर ‘आधी बघा, मग निघा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. शेजारच्या सीटवर सासरे बसले होते. सासरे म्हणजे निवृत्त वाहन निरीक्षक, लायसन्सच्या परीक्षा घेण्यात त्यांची हयात गेलेली. लग्नाआधी मास्तर स्वतः परीक्षेला गेले, तेव्हा गाडी मागे घेताना वाकडी गेली म्हणून त्यांना नापास करणारे हेच. पुढे त्यांनी मुलगी दिली, पण तो शेरा कधी खोडला नाही.

“चुकून रिव्हर्स पडला वाटतं,” मास्तर म्हणाले.

सासऱ्यांनी गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. तो पहिल्यातच होता. “असेल,” ते म्हणाले.

ही जीप मास्तरांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर खपून उभी केली होती, आणि तीही सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. ताई राहायच्या टेकडीवर. वरचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि घळी, कुठलाही टॅक्सीवाला तिकडे यायला तयार नसे. ताईंना खाली उतरवत नव्हतं, सासऱ्यांचे गुडघे गेलेले. दोन वर्षं भावाबहिणीची भेट नव्हती, फोनवर भांडण तेवढं रोज व्हायचं. एकदा जेवताना मास्तर बोलून गेले, की मी नेतो तुम्हाला वर. बोलून गेले आणि अडकले. दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी शेडच्या दारात खुर्ची टाकली आणि मुकाट्याने बघत बसू लागले.

जीपचं मूळ इंजिन दम्याचं होतं. ते काढून भाजीच्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. गिअरबॉक्स मोडीत निघालेल्या व्हॅनचा, चाकं चांगली उंच, आणि मागची चाकं फिरवणारा एक्सल छोट्या ट्रकचा. तिथे घोडं पेंड खायला लागलं. इंजिनाकडून येणारा दांडा एक्सलला काही केल्या गाठेना. मास्तरांनी वैतागून एक्सल उलटा करून पाहिला आणि तो चपखल बसला. मग गाडी जॅकवर उचलून इंजिन चालू केलं, चाकं फिरली, बायकोने कौतुकाने व्हिडिओ काढला. चाकं फिरताहेत एवढंच सगळ्यांनी पाहिलं. कुठल्या दिशेने, ते बघायचं मास्तरांच्या डोक्यातच आलं नाही. एक्सल उलटा म्हणजे चाकंही उलटी. आता मागे जायला चार गिअर होते आणि पुढे जायला एकच, रिव्हर्सचा.

पाटी वाकल्यावर हे सगळं मास्तरांना एका झटक्यात उमगलं आणि त्यांची कानशिलं तापली. ‘बाबा, माझं चुकलंय, उतरा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मांडीवर ताईंसाठी घेतलेली शाल होती. मास्तरांनी रिव्हर्स टाकला. जीप पुढे निघाली.

आणि बोलू लागली. शाळेच्या गाडीतलं सूचना देणारं यंत्र मास्तरांनी हौसेने या गाडीलाही जोडलं होतं. आवाज त्यांचाच, घसा साफ करून भरलेला. “लक्ष द्या, गाडी मागे जात आहे.” रिव्हर्स गिअर असेपर्यंत ते काही केल्या गप्प बसत नसे.

बाजारातून जीप पायी चालणाऱ्यांच्या वेगाने पुढे जात होती आणि आपण मागे जात आहोत असं गर्जून सांगत होती. मागचे स्कूटरवाले घाबरून थांबत होते. औषधांच्या दुकानासमोर सकाळच्या बॅचमधल्या दोघी उभ्या होत्या. एकीने नमस्कारासाठी हात वर केला, दुसरीने तो खाली ओढला. मास्तरांनी मान खाली घातली आणि यंत्राची वायर उपटायला हात घातला.

“वायरीला हात लावू नका,” सासरे समोर बघतच म्हणाले. “रिव्हर्स पडला की सूचना झालीच पाहिजे. नियम आहे.”

चौकात वाहतूक हवालदाराने हात दाखवला. तोही मास्तरांचाच जुना विद्यार्थी निघाला.

“मास्तर, गाडी बोलते एक आणि करते एक. मी काय समजायचं?”

मास्तर पुटपुटले, की नवीन गाडी आहे, अजून चाचणी चालू आहे. तेवढ्यात समोरून बस आली. हवालदार म्हणाला, जरा मागे घ्या. हाताला इतक्या वर्षांची सवय, मास्तरांनी दांडा रिव्हर्समध्येच ठेवून क्लच सोडला. जीप पुढे सरकली आणि हवालदार टुणकन दुकानाच्या पायरीवर चढला.

“मला तुम्हीच शिकवलंत ना?” त्याने विचारलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला वाईट वाटलं होतं, आणि तेच मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

टेकडी सुरू झाली तशी मात्र जीप खुलली. रिव्हर्सचा गिअर ताकदीचा, चाकं उंच, घळीमागून घळ पार होऊ लागली. मास्तरांना जरा कुठे धीर येत होता, तोच सासऱ्यांचा फोन वाजला. ताईंचा आवाज इंजिनाच्या घरघरीतही ऐकू येत होता.

“दोन वर्षांनी निघालास आणि अर्ध्यातून मागे चाललास?”

“येतोय मी, ताई.”

“मला ऐकू येतंय इथवर. जात आहे म्हणतोय तो माणूस.”

“तो आमचा जावई आहे,” सासरे म्हणाले. “त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.”

वर पोचल्यावर भाऊबहीण शाल अंगावर घेण्यावरून भांडायला बसले. मास्तर आत गेलेच नाहीत. जीपखाली वाकून ते त्या एक्सलकडे बघत राहिले. सासरे निघायला बाहेर आले, तेव्हा त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. “बाबा, एक्सल उलटा बसलाय. मला सकाळीच कळलं होतं. लाज वाटली, म्हणून बोललो नाही.”

“मला तर तुम्ही तो बसवलात त्याच दिवशी कळलं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही सगळं परत खोललं असतंत. अजून एक महिना गेला असता.” सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. शाल पांघरून ताई उंबऱ्यात उभ्या होत्या, चौकटीला धरून. “ताईचं वय झालंय हो.”

अंगणात जीप वळवायला जागा नव्हती, म्हणून मागे मागेच उतरायचं ठरलं. मास्तरांनी पहिला गिअर टाकला. गाडी आता खरोखरच मागे जात होती, आणि यंत्र ढिम्म होतं. सासऱ्यांनी खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि टेकडी संपेपर्यंत ते ओरडत राहिले, “लक्ष द्या, गाडी मागे जात आहे.”

खाली सपाटीला लागल्यावर मास्तरांनी घाम पुसला आणि न राहवून विचारलं, “कशी घेतली, बाबा?”

“वाकडी. नापास.” सासऱ्यांनी काच वर केली. “रविवारी फेरपरीक्षा. ताईला सांगून आलोय. तोवर एक्सलला हात लावायचा नाही.”