सर्व मुद्दे नाकबूल

कॉलेजचं पाकीट सकाळी अकराला आलं. मारोतीराव बोरकुटे यांनी ते उघडण्याआधी खुर्ची ओढून घेतली, बसले, आणि मग आधी पाणी प्यायले. सरकारी पाकिटातून कुणाला चांगली बातमी आल्याचं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? एकतीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात लोकांना आरोपपत्रं टाइप करून पाठवायचं काम त्यांचंच होतं.

वर छापलं होतं, 'शैक्षणिक सहाय्यता कक्ष'. खाली मजकूर. आपली कन्या अनुश्री, कायद्याचं दुसरं वर्ष. एक, करार कायद्याच्या पेपरात तिला गुण फार कमी आहेत. दोन, उत्तर लिहिताना तिची मांडणी कच्ची असते. तीन, सबब तिला रोज दुपारी दोन तास कक्षात विनामूल्य शिकवण्यात येईल. पालकांनी आपलं म्हणणं सात दिवसांत लेखी कळवावं.

आता कुठल्याही शहाण्या माणसाला यात काय दिसेल? पोरीला फुकटात शिकवणी मिळते आहे, देव पावला. मारोतीरावांना मात्र आरोप एक, आरोप दोन आणि शिक्षा एवढंच दिसलं. 'सात दिवसांत' वाचून तर त्यांनी पत्रावरची तारीख दोनदा तपासली.

"विनोदिनी," त्यांनी बायकोला हळूच हाक मारली, "पोरीले कॉलेजातून काढून राहिले."

विनोदिनीबाई भाजी चिरता चिरता थांबल्या. "काहून? काय केलं तिनं?"

"थे लिहिलं नाही. आधी असंच गोड गोड लिहितात. मंग चौकशी लावतात."

"मंग तिलेच विचारा ना, घरी आली की."

"विचारलं तर पोरगी घाबरन. घाबरलेला माणूस कबूल करून बसते, अन् कबूल केलं की संपला. म्या असे कितीक पाहिले."

नवरा-बायको दोघंही घाबरले, पण त्यांच्या घाबरण्यात फरक होता. बाई देवापुढे बसल्या. मारोतीराव टाइपरायटरपुढे बसले.

उत्तर झकास उतरलं, यात शंका नाही. मुद्दा एक, नाकबूल. मुद्दा दोन, नाकबूल. सबळ पुरावा व साक्षीदारांची नावं सादर करावीत. मुद्दा तीन, प्रस्तावित शिक्षा नियमबाह्य असून ती तात्काळ मागे घ्यावी. खाली सवयीनं 'प्रत माहितीसाठी' आलं आणि त्याखाली प्राचार्य आले, संस्थेचे अध्यक्षही आले. रजिस्टर पोस्टाची पावती खिशात घालून मारोतीराव तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी परतले आणि वाट पाहू लागले. चार दिवस काही आलं नाही. त्या चार दिवसांत ते पोस्टमनला पाहून दोनदा न्हाणीघरात शिरले.

पाचव्या दिवशी अनुश्री संध्याकाळी घरी आली ती रडतच.

"काय झालं, बाई?" मारोतीरावांनी विचारलं. "काढलं तुले?"

"कोण काढणार? बाबा, तुम्हाला सांगितलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टमध्ये मी फेल झाले."

मारोतीरावांना पाकिटातला मजकूर आठवला. म्हणजे मुद्दा एक खरा होता.

"तुम्ही लॉ सोडून रेल्वेचा फॉर्म भरायला लावाल म्हणून घाबरत होते मी. दोन हप्त्यांनी परत पेपर आहे. त्यात गेले तर साल गेलं. म्हणून मीच अर्ज केला होता, त्या कक्षात घ्या म्हणून. बारा जागा होत्या, बाबा. शेवटची मला भेटली होती. आज बोर्डावर लागलं, कक्ष बंद."

"काहून बंद?"

"कोण्या एका गार्डियननं कंप्लेंट केली म्हणे. सीधे अध्यक्षांना. इतका बेअक्कल माणूस कोण असेल, सांगा."

"हव," मारोतीराव म्हणाले. "बेअक्कलच असन." आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. विनोदिनीबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या बाईंना अशा वेळी बोलायची गरजच पडत नसे.

सकाळी कॉलेजातून फोन आला. पद्मजा मॅडम म्हणून कोणी होत्या, कक्ष त्याच चालवायच्या. "काका, आज पाचच्या आत येऊन भेटता का? अनुश्रीलाही घेऊन या." आवाज कापत होता. मारोतीरावांना वाटलं, बाई रागानं कापते आहे.

स्कूटर सदर बाजारच्या गर्दीत अडकली तेव्हा त्यांनी मागं न पाहताच सांगून टाकलं. "अनु, थो गार्डियन मीच होय."

पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं. कॉलेज येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मारोतीरावांना एकतीस वर्षांत कुठल्या साहेबाचं वाटलं नाही इतकं भय त्या गप्प बसण्याचं वाटलं.

पद्मजा मॅडम तिशीच्या आत-बाहेरच्या होत्या. टेबलावर त्यांचंही एक पाकीट पडलं होतं. मारोतीरावांनी ते दुरूनच ओळखलं.

"मला खुलासा मागितलाय," मॅडम म्हणाल्या. "मी विद्यार्थ्यांना शिक्षा का करते म्हणून. माझी नोकरी वर्षावर्षाची आहे, काका. आज पाचपर्यंत तुम्ही लेखी दिलं नाही, तर मीही गेले अन् कक्षही कायमचा गेला. बारा पोरं आहेत हो."

"आत्ताच लिहितो. कागद द्या."

मारोतीराव जवळच्या बाकावर बसले आणि भराभर लिहून दिलं: 'सदर पत्र अनवधानाने पाठविण्यात आले असावे.'

मॅडमनी वाचलं. हातातला लाल पेन आपोआप चालला. "कोणाकडून पाठवण्यात आलं? असावे म्हणजे? आलं की नाही आलं?"

दुसरा कागद. 'गैरसमज उद्भवल्याचे दिसून येते.'

"कोणाचा गैरसमज, काका?"

साडेचार झाले. मारोतीरावांनी तिसरा कागद पुढे ओढला. शेकडो लोकांची उत्तरं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण त्यातलं एकही या वेळी कामाचं नव्हतं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवला.

"मॅडम, मले हे येत नाही. चूक कबूल कशी लिहितात, थे जरा शिकवता का?"

मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "सोपं आहे. आधी 'मी' लिहा."

'मी' लिहायला त्यांना बराच वेळ लागला. त्यापुढचं मग लवकर आलं. 'मी पत्र नीट समजून घेतले नाही. घाबरून चुकीचे उत्तर पाठवले. माझ्या मुलीला या विषयात अडचण आहे आणि तिला या मदतीची गरज आहे. चूक माझी आहे.' खाली सही. प्रत कुणालाच नाही.

मॅडमनी या वेळी लाल पेन उचलला नाही. कागद घेऊन त्या वरच्या मजल्यावर प्राचार्यांकडे जवळजवळ पळतच गेल्या. खाली बाप-लेक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पाचला सात मिनिटं असताना मॅडम जिन्यावरून उतरल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून दोघांनीही श्वास सोडला.

"चालू झाला कक्ष. उद्या कशाला, आत्ताच बसू या. अनुश्री, काढ कॉन्ट्रॅक्टचं पुस्तक."

मारोतीराव उठले नाहीत. पुढे काय शिकवतात ते ऐकायचं होतं, हे एक कारण. आणि इतक्या वर्षांत त्यांना कोणी शेजारी बसून काही शिकवलं नव्हतं, हे दुसरं.

अनुश्रीनं पुस्तक उघडलं आणि सदर बाजारपासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"बाबा, थोडं सरका. ही माझी जागा आहे."