चप्पल बांधलेली पिकअप

लिहायच्या आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिणं म्हणजे सही करण्यापुरतंच. मी बीडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तेवढ्या बळावर एका जित्याजागत्या माणसाबद्दल लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. त्यात तो माणूस लिंबाजीनाना. त्यांना कळलं तर म्हणतील, "कावून लिहिलं बे? मी काय मेलोय का?"

नाना आमचे शेजारी. शेळ्या-मेंढ्यांची ने-आण करायची पिकअप चालवतात. सकाळी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून मी कॉलेजला जातो. माझ्याकडून ते पैसे घेत नाहीत. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला थांबलो की मी फक्त मोबाईलवर लढाईचे व्हिडिओ लावून द्यायचे.

लढाई कुठली का असेना. त्यात पिकअप पाहिजे. वाळवंटात धुरळा उडतोय, मागच्या हौद्यात मशीनगन वेल्डिंग करून बसवलीय, आणि तिच्याभोवती बंदुका घेतलेली पोरं लोंबकळताहेत, असं काही दिसलं की नाना बशी खाली ठेवतात.

"यात कोण कुणाशी लढतंय नाना?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"आपल्याला काय करायचंय? चाकावरचे पाटे बघ की, कसे दबलेत! मेंढराची गाडी, तिच्यावर तोफ ठिवली भाड्यांनी. कंबरडं मोडलं बिचारीचं." आणि लगेच मोबाईलवर ओरडले, "आरं क्लच दाब बे! क्लच! गियर खातंय गाढव!"

अख्खा ढाबा वळून पाहायला लागला.

या गाड्यांविषयी नानांचं स्वतःचं एक शास्त्र आहे. "आपुन दसऱ्याला हत्यार पुजतो, गाडी बी पुजतो. ह्यांनी एकातच एक बसवलं. एका नारळात काम!" ढाबेवाले बप्पा त्यांना डिवचतात, "नाना, तुमच्या गाडीवर बी बसवा एक. बाजारात भाव तरी नीट मिळंल."

"बसवली असती," नाना म्हणतात, "पन आवाजानं गाभण शेळ्या गाभडतील ना!"

हे सगळं गमतीचं. पण बंदूक दिसली की नाना अधीर होतात. "बंदूक कशाला दाखवतो? ड्रायव्हर दाखव. मोठं कर. आजून मोठं." मी बोटांनी चित्र मोठं करतो. काचेमागं एक धूसर चेहरा दिसतो. नाना डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "न्हाई. फुडचा लाव."

नाना ज्याला शोधतात त्याचं नाव सालेम.

तरुणपणी नाना लिबियात गेले होते, एका मेंढ्यांच्या मालकाकडे पिकअप चालवायला. सालेम तिथला मेंढपाळ. नानांना अरबी येत नव्हती, सालेमला मराठी. "मग बोलायचात कसं?" मी विचारलं. "मेंढरावर बोलायचो. मेंढरू आजारी पडलं की दोघांला बी कळतंय." नानांनीच त्याला गाडी शिकवली. सालेम सगळं पटकन शिकला, फक्त क्लच दाबायला विसरायचा.

गाडीला नजर लागू नये म्हणून नानांनी आपल्याकडच्यासारखी मागे एक जुनी चप्पल बांधली. टायरच्या तळव्याची. मालक खवळला. त्या मुलखात कुणाला चप्पल दाखवणं म्हणजे तोंडावर शिवी देणं, आणि ही गाडी तर मागून येणाऱ्या सगळ्या जगाला दाखवत चाललेली! सालेमनं मालकाची समजूत घातली. चप्पल राहिली.

मग तिथे लढाई पेटली. परदेशी कामगारांना बोटीनं परत पाठवायला लागले. बंदरावर असताना नानांना सालेमचा फोन आला. नानांकडूनच उचललेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तो एवढंच म्हणाला की, आपल्या गाडीवर बंदूक बसवली आणि गाडीबरोबर मलाही धरून नेताहेत, ड्रायव्हर म्हणून. मध्येच फोन बंद पडला.

"मी शिकवली न्हसती तर त्याला न्हेलं न्हसतं," एवढं एक वाक्य नानांनी मला एकदा कपिलधारच्या फाट्यावर सांगितलं. लगेच हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. मग हसून म्हणाले, "पन फुडून गोळी आन् मागून चप्पल! पाठलाग करनाऱ्याची इज्जतच राहिली न्हसंल."

माझ्या हातात मोबाईलशिवाय काय होतं? नाना आणि सालेम त्या गाडीला टेकून उभे आहेत असा एक फोटो नानांच्या घरी आहे. लढाईच्या प्रत्येक व्हिडिओखाली मी तो टाकायला लागलो. मोबाईलकडूनच अरबी करून घ्यायचो: हा माणूस कुणी पाहिला का? लोक हसायचे, शिव्या द्यायचे. अरबी कळत नव्हती, पण त्या शिव्याच असाव्यात असं मला वाटायचं.

परवा उत्तर आलं. एक फोटो, आणि अरबीत बोललेला निरोप.

फोटोत तीच पिकअप. हौद्यात मशीनगनचा लोखंडी खांब अजून उभा, पण वर बंदूक नाही. खांबाला एक मेंढा बांधलेला. मागे चप्पल लटकलेली, मात्र नानांची नव्हे, बरीच नवी.

"ड्रायव्हर?" नानांनी विचारलं. स्टिअरिंगवर कुणी कोवळं पोरगं होतं.

नाना मला थेट नेकनूरच्या बाजारात घेऊन गेले. तिथले मौलवीसाहेब दर बकरी ईदला नानांकडूनच बकरा घेतात. त्यांनी गलक्यात मोबाईल कानाला लावला.

"बोली जरा न्यारी हाय, पन कळतंय. सालेमचं पोरगं बोलतंय. म्हनतंय, तुमची चप्पल गळून पडली. म्हनून बापाची बांधली. बापाला जोडीतली एकच लागती."

"एकच?"

"सुरुंगावर पाय पडला हो त्याचा लिंबाजीभाऊ. पाय गेला. पन हयात हाय. मेंढरं सांभाळतो."

नानांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "इचारा, कंचा पाय?"

"सांगितलंय त्यानं. डावा."

"क्लचचा," नाना पुटपुटले. गळ्यातल्या रुमालानं त्यांनी तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग आता कोन न्हेत न्हाई त्याला."