सात वाजता शटर बंद

संध्याकाळचे सात वाजले, की हिराजीदादा तोंडावरून हात फिरवून जाहीर करतात, "शटर बंद!" मग समोर अमृत आणून ठेवा, दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत पाण्याशिवाय घशाखाली काही उतरायचं नाही.

खांदा कॉलनीत आमच्या समोरच्या दारी राहणारे दादा द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. निवृत्त झाले, तरी गोदाम डोक्यातून गेलं नाही. "पोट म्हंजे गोडाऊन हाय, सायेब. जुना माल गेल्याबिगर नवा घ्याचा नाय." व्हॉट्सॲपवरचं कुठलंसं व्याख्यान ऐकून त्यांना हे खूळ लागलं. त्याने ब्लडप्रेशर उतरतं, आतडी साफ होतात, हे ते मला जिन्यात अडवून सांगतात. मी तेव्हा ऑफिसातून भुकेला आलेला असतो.

ब्लडप्रेशरचं मशीनही घेतलंय. रोज सकाळी पट्टा आधी स्वतःच्या दंडाला. मग "मशीनचा भरवसा नाय, तुज्यावर बघू," म्हणत बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या दंडाला. आकडे वहीत उतरवतात.

नेऱ्याला त्यांच्या पुतण्याची हळद होती. आगऱ्यांची हळद, म्हणजे लग्नापेक्षा दांडगी. मटणाचा टोप नऊला उतरला. दादा-काकू घरून जेवून आलेले. मी मुद्दाम दादांसमोर बसून नळी चोखली.

"दादा, आजच्या दिवस शटर अर्धं उघडा की!"

"नाय म्हंजे नाय," दादा म्हणाले. डोळे मात्र टोपातच होते. मला मोठी मजा वाटली.

गेल्या महिन्यात माझंच प्रेशर वाढलं. मुकाट्याने रविवारी संध्याकाळी दादांकडे ते मोजून घ्यायला गेलो. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. वही चाळली, तर सुरुवातीला वरचा आकडा एकशेसत्तर, मग हळूहळू उतरत गेलेला.

"दादा, तुमचं एवढं वाढलं होतं?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "मला काय धाड भरलीय? तिचं हाय ते. माजं लिवतच नाय मी."

मग हळू आवाजात म्हणाले, "तीस वरसं सेकंड शिफ्ट केली. बाराला घरी याचो. ही तवापर्यंत उपाशी. घोवाच्या आधी जेवाचं नाय, अशी तिची रीत. पोटाची पार वाट लागली, वरनं प्रेशर. मी रिटायर झालो तवा डॉक्टर बोलला, सातच्या आत जेवू द्या. मी बोललो, तू जेव. नाय जेवली. बोललो, तुज्यासाठी मीपन लवकर जेवतो. तर बोलते, माज्यापायी तुमचे हाल कशाला? मंग मलाच प्रेशर हाय बोललो. माज्या तब्येतीसाठी ती कायबी करंल."

हळदीतली ती नळी आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या घरीही मी येईपर्यंत पानं घेतली जात नाहीत, हे मी आजवर कधी मोजलंच नव्हतं.

तेवढ्यात काकू धापा टाकत आल्या. "सात वाजाया आलं! यांचं शटर बंद व्हायचं, म्हनून धावत आले बाय." पिशवी टाकून त्यांनी जुन्या सवयीने एकच ताट घेतलं.

"दोन घे," दादा दरडावून म्हणाले. "एकट्यानं जेवलं की माजं प्रेशर वाढतं."

काकू घाबरून लगेच शेजारी जेवायला बसल्या.