‘कशावरून’ची फलश्रुती

शेवट करावा तर मीच. हे मी हळू आवाजात सांगते आहे, कारण माझा आवाजच तेवढा आहे. पण सांगते ठामपणे. उलव्याच्या आमच्या सोसायटीत कोणाच्याही घरी पोथी संपत आली की फलश्रुती वाचायला मला बोलावतात. फलश्रुती म्हणजे पोथीच्या अखेरचा तो भाग, ज्यात ही वाचल्याने काय काय फळ मिळेल ते सांगितलेलं असतं. अध्याय चालू असताना पेंगणाऱ्या बायका तेवढ्या भागाला ताठ बसतात. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सांभाळत मी इतक्या फलश्रुती वाचल्या आहेत की झोपेतून उठवलंत तरी कोणत्या पोथीने संतती आणि कोणत्या पोथीने संपत्ती, ते बिनचूक सांगेन.

म्हणूनच शेजारच्या रावसाहेब भावजींनी विचारलं तेव्हा मी जराही घाबरले नाही. घाबरले असते तर बरं झालं असतं.

भावजी मूळचे मराठवाड्यातले. बेलापूरच्या सरकारी कचेरीत नोकरी झाली. घरात बुद्धाची शांत मूर्ती, भिंतभर पुस्तकं आणि कपाटात आयुष्यभराच्या कविता. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या खर्चाने संग्रह काढायचं ठरवलं. नाव ‘कशावरून’. कोणी काहीही सांगितलं तरी माणसाने आधी ‘कशावरून?’ असं विचारावं, हा सगळ्या कवितांचा सूर.

“वहिनी,” ते म्हणाले, “मला प्राध्यापकांची प्रस्तावना नको. ते पुस्तक न वाचता लिहितात. मला वाचणारं माणूस पाहिजे. वाचून काय मिळालं, ते तुम्ही शेवटच्या पानावर लिहा.”

“लिहीन की,” मी म्हटलं.

“आणि मी ते बघणार नाही. वाचकाच्या मताला कवीने हात लावायचा नसतो.”

त्यांच्या पत्नी चांगुणाबाई आतून म्हणाल्या, “भाजीत मीठ घातलं का, ते दोनदा विचारता. हे एकदा तरी बघा.”

भावजींनी ऐकलं नाही.

मी नेमाने वाचायला घेतलं. रोज अंघोळ करून, पाटावर बसून, एक कविता, मग चहा. एका कवितेत उपासतापास करणाऱ्यांना चार शब्द सुनावले होते. ती नेमकी चतुर्थीला आली. मी मनाला लावून घेतलं नाही. प्रश्न विचारा, प्रश्न विचारा, असं ते म्हणत होते. आमच्या पोथीतही प्रत्येक अध्यायाच्या आरंभी कोणीतरी प्रश्न विचारतंच. एक कविता तर मला पाठच झाली:

दिवा लावलास, बरं केलंस;
पण अंधार कोणी केला,
ते विचारलंस का?

संग्रह संपला, तेव्हा मी आठवू लागले, की मला काय बरं मिळालं? मी खोटं लिहीत नाही. तोही माझा नेमच आहे. तर खरोखर जे जे मिळालं ते असं: त्या दिवसांत घरातली धुसफूस थांबली, आमच्या नळाला धार आली, शारजात नोकरीला असलेल्या माझ्या मुलाचा आपणहून फोन आला, आणि गुडघा दुखायचा थांबला. मी ओव्या रचल्या:

जो वाची हा संग्रह । सोडोनि सारा आग्रह ।
शांत होती गृहकलह । तयाचे घरी ॥

नळास येई पाणी । फोन करी पुत्र गुणी ।
गुडघेदुखी जुनी । दूर पळे ॥

वर ‘अथ फलश्रुती’ लिहिलं आणि कागदाची घडी घातली. भावजींनी ती घडी न उलगडता छापखान्यात दिली.

प्रकाशन सोसायटीच्या हॉलमध्ये, गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ठरलं. गुरुवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन धरते. म्हटलं, आपल्याला कुठे बोलायचंय?

सूत्रसंचालन सेक्रेटरी ज्योतिबांकडे होतं. पुस्तक त्यांच्या हातात जेमतेम पाच मिनिटांपूर्वी आलेलं. “टेन्शन नको साहेब, मी सांभाळतो,” असं म्हणून त्यांनी सरळ शेवटचं पान उघडलं आणि माइकवर खणखणीत आवाजात माझ्या ओव्या वाचल्या. मध्ये डोक्यावरून विमान गेलं म्हणून थांबले, आणि कोणाचं ऐकायचं राहिलं असेल म्हणून गुडघ्याची ओवी पुन्हा वाचली.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. भावजींना ऐकायला कमी येतं. ते भाषणाचे कागद लावत हसतमुखाने बसले होते. पहिल्यांदा बी विंगमधली शर्मिला उठली. मग तिची सासू. मग पूर्ण बी विंग. बघता बघता पुस्तकांच्या टेबलाभोवती प्रसादाच्या वेळी होते तशी गर्दी. भावजींचे डोळे भरून आले. चांगुणाबाईंच्या कानाशी म्हणाले, “बघ, कवितेला वाचक आहे.”

मग ते भाषणाला उभे राहिले. म्हणाले, “आधी तुमचे प्रश्न घेतो. प्रश्न विचारणं हाच या पुस्तकाचा गाभा.”

शर्मिलाच्या सासूबाईंनी हात वर केला. “साहेब, हे उपाशीपोटी वाचायचं की जेवून?”

भावजी गोंधळले. “कसंही वाचा.”

“कुठल्या वारी सुरू करायचं?”

“कुठल्याही.”

“म्हणजे कडक नाही,” सासूबाई शेजारणीला म्हणाल्या.

खालच्या मजल्यावरच्या खुर्शीद भाभी उठल्या. “आमच्यात वाचलेलं चालेल ना, साहेब? पानी तर आमच्याकडे पन येत नाय.”

“कविता सगळ्यांसाठी असते,” भावजी म्हणाले. पण आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. “पाण्याचं काय?”

“शेवटच्या पानावर लिवलंय की.”

भावजींनी शेवटचं पान उघडलं. वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग माइकवरच विचारलं, “वहिनी, हे काय आहे?”

सगळा हॉल माझ्याकडे वळला. खिडकीबाहेर ऊन लख्ख. दिवेलागण लांब. मला सांगायचं होतं, की हे माझ्यापुरतं खरं आहे, बाकीच्यांची हमी नाही. हे हाताने कसं सांगणार? मी एक हात उंच करून ‘थांबा’ अशी खूण केली. पहिल्या रांगेने तो आशीर्वाद समजून मान लववली. घाबरून मी भावजींपुढे हात जोडले. मागोमाग सगळ्या हॉलने हात जोडले.

भावजी भाषण न करताच खाली बसले.

दिवा लावला आणि मी तशीच त्यांच्या घरी धावले. भावजी बाल्कनीत पाठमोरे.

“भावजी, तुम्हीच म्हणालात, वाचून काय मिळालं ते लिहा.”

“विचार काय मिळाला, असं म्हणायचं होतं मला.”

“शेवटच्या पानावर जे मिळतं, त्याला आमच्यात फलश्रुतीच म्हणतात.”

“मला शब्द शिकवू नका, वहिनी. कचेरीत प्रत्येक बैठकीच्या टिपणाखाली मी फलश्रुती लिहिलीय. ‘बैठकीची फलश्रुती: पुढील बैठक घेण्याचे ठरले.’”

“मग या फलश्रुतीने निदान गुडघा तरी बरा केला,” चांगुणाबाई म्हणाल्या. “आणि सगळी पुस्तकं खपली.”

“खपली ना. वाचणार कोण? देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहतील,” भावजी म्हणाले. एवढंच बोलले, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. जन्मभराच्या कविता आणि माझ्या दोन ओव्यांनी त्यांची पोथी करून टाकली.

पण पोथी झाली म्हणूनच घरोघरी रोज एक कविता वाचली जाऊ लागली, मोठ्याने, वगळावगळ न करता. पोथीत वगळलं तर फळ मिळत नाही ना. आणि महिन्याच्या शेवटी सोसायटीची सभा भरली. ज्योतिबांनी जिन्यातले दिवे दुरुस्त झाल्याचं अभिमानाने जाहीर केलं. खुर्शीद भाभी उभ्या राहिल्या.

“दिवा लावलास, बरं केलंस. पन अंधार कोनी केला?”

मागून शर्मिलाच्या सासूबाई, “आणि टँकर रोज येतो म्हणता, ते कशावरून?”

सभा रात्रीपर्यंत चालली. ज्योतिबांनी माइक बंद केला तरी चालली. भावजी कोपऱ्यात बसून एकेका बाईकडे असे बघत होते, जणू लेकीचं बक्षीस समारंभात नाव पुकारलंय.

मी मात्र सुटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघीजणी दारात हजर. “काकू, रोज वाचलं. गुडघा आहे तसाच आहे. तुम्ही हे लिहिलंत कशावरून?” मौन धरावं म्हटलं, तर गुरुवारही नव्हता.

म्हणजे भावजींचं पुस्तक फळलं, आणि फळलं म्हणून माझी फलश्रुती खोटी पडली? की तिच्यामुळेच ते फळलं, म्हणून ती खरी? मी अजून विचार करतेय, डोकं दुखतं.

परवा भावजी आले. दुसरी आवृत्ती काढताहेत. मी आधीच म्हटलं, “ते पान काढून टाका.”

“राहू द्या,” ते म्हणाले. मग दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि माझ्याहून हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, आपला अंधश्रद्धेला विरोध आहे, तो कायम. पण लोक माझ्याकडून पुस्तक वाचायला नेतात आणि परत आणत नाहीत. अशा माणसाचं पुढे काय होतं, त्याची एक ओवी वाढवता येईल का? जरा धाक बसेल अशी.”

ओवी होत आली आहे. शेवटच्या चरणात मी दाढदुखी घालावी म्हणते. भावजींना ती कमी वाटतेय.