पत्त्यांची काटकसर

आमच्या ऑफिसातली पत्त्यांची उधळपट्टी मी एका दुपारात बंद केली. उगाच नाही मोठे साहेब मला जिन्यात गाठून ‘अहो नेटवर्कवाले’ म्हणत!

झालं असं, की प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आकडी पत्ते दिलेले होते. आता तारेला टोकं दोनच. इकडून पाठवलेलं तिकडेच जाणार, आणखी कुठे जाणार? घरात बायको ‘अहो’ म्हणते आणि मी जातो. तिने कधी माझं नाव घेतलंय? मी सगळे पत्ते काढून टाकले. आमच्या खात्यातला बिल्लेवाला कुरकुरला. हा प्राणी नावाचा बिल्ला गळ्यात घालूनच जेवायला बसतो.

“नव्या इमारतीचं काय होईल?”

“तू बिल्ला सांभाळ,” मी म्हटलं.

नवी इमारत गोदामाच्या पलीकडे. आमची तार तिथे थेट जात नाही, गोदामातल्या यंत्रांमधून जाते. म्हणून मी दोन टोकांत आभासी जोडणी केली होती. मधे गोदाम असलं तरी दोन्ही यंत्रांनी सख्ख्या शेजाऱ्यांसारखं वागायचं. सोमवारी तिथे उद्घाटन होतं आणि मोठे साहेब तिथूनच पडद्यावर नव्या खातेप्रमुखाचं नाव जाहीर करणार होते. ती खुर्ची माझीच, हे मी सासऱ्यांनाही कळवून टाकलं होतं.

सोमवारी बायकोचा फोन आला. तिची नेमणूक नव्या इमारतीच्या स्वागतकक्षात झालीय.

“अहो, पडदा काळा आहे. साहेब घड्याळ बघतायत.”

मी लॅपटॉप घेऊन गोदामात धावलो. बिल्लेवाला मागोमाग आला. यंत्रं बंद केली, चालू केली, थोपटली. गोदाम आमच्याशी बोलत होतं, नव्या इमारतीशीही बोलत होतं. पण आम्ही आणि नवी इमारत, दोघांत अबोला!

तेवढ्यात बायको पलीकडच्या दारात येऊन ओरडली, “अहो!”

गोदामातले झाडून सगळे पुरुष वळले. दोन हमाल खोकं खाली ठेवून म्हणाले, “काय ताई?”

गोदामवाल्याने विचारलं, “अहो म्हणजे नक्की कोण?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खोलीत दोघंच असले की ‘अहो’ भागतं. परक्याच्या घरातून निरोप धाडायचा तर नाव लागतं. आमच्या यंत्राने निरोपावर लिहायचं काय? पलीकडच्याचा पत्ता मीच पुसला होता. मी लॅपटॉप घेऊन यंत्रांच्या मांडणीखाली घुसलो, दोन्ही टोकांना एकेक पत्ता दिला आणि गोदामातल्या यंत्रांना तो कळवला. पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

मी रांगत बाहेर येतोय, तोच बायको पुन्हा दारात. “अहो, ज्यांनी दुरुस्त केलं त्यांना साहेब बोलावतायत. चला लवकर.” आणि वळून गेलीसुद्धा.

दाराजवळ बिल्लेवाला उभा होता. तो गेला.

गुडघे झटकत मी पोचलो तेव्हा साहेब बिल्ल्यावरचं नाव मोठ्याने वाचत होते. दोन्ही इमारतींत अगदी स्वच्छ ऐकू जात होतं.

“साहेब, ते मी...”

“अहो नेटवर्कवाले, बरे आलात. आपल्या नव्या खातेप्रमुखांचं अभिनंदन करा.”

मी केलं.

नव्या प्रमुखांचा पहिला हुकूम: सगळ्या तारांना पत्ते परत द्या. ते काम माझ्याकडेच आलंय. आणि बायको हल्ली मला नावाने हाक मारते. आडनावासकट. सासऱ्यांसमोर.