बिर्याणीच्या दिवशी उपवास

रामेश्वर फोरमननं कंपनीच्या मागे लागून लागून डेंगीची लस आखातातल्या मुसफ्फ्याच्या वर्कशॉपपर्यंत आणवली, आणि नर्स प्रत्यक्ष पेटी उघडून बसली तेव्हा तोच दाराकडे बघायला लागला.

मागे लागायला कारण होतं. आदल्या वर्षी पाऊस झाला, कामगारांच्या कॅम्पच्या मागे पाणी साचलं, मच्छर माजले आणि त्याच्या गँगमधला सुदेश डेंगीनं असा आडवा झाला की त्याच्या घरी काय कळवायचं याचाच सगळ्यांना घोर लागला. रामेश्वर ड्युटी सुटली की थेट हॉस्पिटलात, त्याच्या उशाशी. सुदेश बरा होऊन परतला, तसं रामेश्वरनं मॅनेजरचं डोकं खायला घेतलं. "साब, लस निकला है बोलते. मेरे लडकों को दिलाओ." शेवटी मॅनेजर कंटाळून "खलास, हो जाएगा!" म्हणाला, आणि लस घेईल त्याला चिकन बिर्याणी, असंही जाहीर करून बसला.

लस म्हणजे सुई, हे रामेश्वरला माहीत नव्हतं असं नाही. पण जोवर ती केबिनमधल्या बोलण्यात होती तोवर तिला टोक नव्हतं. आता ते दिसत होतं. लोखंडाचा अख्खा गर्डर एका हाताच्या इशाऱ्यावर उचलवणारा हा आडवातिडवा माणूस, आणि त्या टोकाकडे बघायची त्याची टाप नव्हती.

सुदेश पहिला गेला आणि दंडावर कापूस दाबत हसत परत आला. बाकीची पोरं रांगेत उभी राहून रामेश्वरकडे बघत होती. दादा गेले की आपण, असा त्या गँगचा शिरस्ताच होता.

"या दादा, बसा," नर्स म्हणाली. ममता तिचं नाव. मूळची अमरावतीची, त्यामुळे मराठी.

"आलो असतो हो सिस्टर," रामेश्वरच्या तोंडून निघून गेलं, "पण आज माझा उपवास."

"मग उपाशीपोटी नको. थोडं खाऊन या, मग देते."

"छे छे! खाऊन कसं चालंल? कडक उपवास हाय."

झालं. रांगेत कुजबुज झाली आणि रामेश्वरच्या मागचा कमरुद्दीन पुढे झाला. रत्नागिरीकडचा, क्रेन चालवणारा, रामेश्वरचा जुना दोस्त. "सिस्टर, माजा पन रोजा हाय."

"रमजान तर होऊन गेला."

"नफिली रोजा. आपल्या मर्जीचा."

त्याच्या मागच्याचा गुरुवार निघाला. त्याच्या मागच्यानं सोळा सोमवार सांगितले.

"अरे, आज गुरुवार आहे!" ममता ओरडली.

"मागचा एक राह्यलाय सिस्टर. भरून काढतोय."

बघता बघता अख्खी गँग धर्माला लागली. ममता कपाळाला हात लावून बसून राहिली.

दुपारी बिर्याणीचे टोप आले. झाकण उघडलं आणि तळलेल्या कांद्याचा वास वर्कशॉपभर पसरला. लस घेतलेला एकटा सुदेश. तो भलीमोठी प्लेट भरून मधोमध बसला आणि भोवती सगळे उपवासकरी ओळीनं, पाण्याच्या बाटल्या हातात धरून. कोणी हलेना, कारण हलला तर उपवास मोडला, आणि उपवास मोडला तर सुई.

"दादा," कमरुद्दीन हळूच म्हणाला, "तुमचा उपवास सुटतो कधी?"

"तुझा कधी सुटतो?"

"मगरीबला. दिस बुडाल्यावर."

"मग माझापण तेव्हाच."

सुदेशला घास गोड लागेना. रामेश्वरनं आजवर त्याच्यासमोर एकही उपवास केलेला नव्हता. त्यानं एका हातात लेगपीस धरला आणि दुसऱ्या हातानं आटपाडीला रामेश्वरच्या बायकोला व्हिडिओ कॉल लावला. "वहिनी, आज दादांचा कसला उपवास हो?"

"उपवास?" सगुणाचा आवाज स्पीकरवर घुमला. "सकाळीच तर फोनवर म्हणाले, दोन अंडा पराठे हाणले. तिथं कुणाच्या हातात सुई हाय का भावजी?"

सगळ्यांनी ममताकडे पाहिलं. ममतानं मान डोलावली.

"तरीच! लग्नाआधी कुत्रं चावलं तवा दवाखान्याच्या मागच्या खिडकीतनं पळालं होतं हे ध्यान. चौघांनी धरून आणलं. द्या त्यास्नी फोन."

रामेश्वरनं खाली मान घालून फोन घेतला. आता पोरं फिदीफिदी हसणार म्हणून त्याचे कान तापले. पण हसलं कोणीच नाही. कमरुद्दीन शेजारी येऊन बसला. "दादा, माजा पन रोजा नाय. मला वाटला, तुमाला कायतरी वायट ठाव असंल त्या लसीचा. म्हनून."

बाकीच्यांचंही तेच होतं. घाबरलेला एकटा रामेश्वरच, बाकी सगळे त्याच्यावर विश्वास ठेवून उपाशी बसले होते. हे ऐकल्यावर मात्र त्याला बसवेना. तो उठला, खुर्चीत जाऊन बसला आणि बाही वर केली. "सिस्टर, द्या. पण बायको समोर राहू दे."

"माझ्याकडं बघा," सगुणा म्हणाली. "म्हशीनं काल काय केलं सांगू? शेजारणीची वाळत घातलेली साडी खाल्ली. निम्मी."

"कुठली साडी?"

"हिरवी. नवी."

"मग ती काय म्हणाली?"

"झालं दादा," ममता म्हणाली.

वर्कशॉपात टाळ्या पडल्या. सगुणाही हसली, आणि हसता हसता तिच्या हातातला फोन खाली कलला. तिच्या पायाला फडकं गुंडाळलेलं रामेश्वरला दिसलं.

"पायाला काय झालं गं?"

"काय न्हाई. पत्र्याचा खिळा लागला परवा."

"गंजका? इंजेक्शन घेतलंस?"

सगुणानं मागं वळून पाहिलं. मग म्हणाली, "थांबा, दूध उतू चाललंय," आणि फोन बंद.

आता बिर्याणी राहिली बाजूला. रामेश्वरनं पुन्हा फोन लावला, तिनं उचलला नाही. सुदेशनं लावला, कमरुद्दीननं लावला, मग लस घेऊन जो तो दंड चोळत उठायचा तो लावायचा. शेवटी रामेश्वरनं साडीवाल्या शेजारणीलाच गाठलं. "वहिनी, साडी मी इथनं पाठवतो. तेवढं तिला उचलून दवाखान्यात न्या."

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये रामेश्वरच्या मोबाइलवर शेजारणीनं काढलेला फोटो आला. दवाखान्याच्या बाकावर सगुणा, डोळे घट्ट मिटलेले, पदर दातात, आणि दंडाशी डॉक्टरचा हात.

रामेश्वरनं एकदाच पाहिलं, चटकन तोंड खिडकीकडे फिरवलं आणि मोबाइल कमरुद्दीनच्या हातात दिला.

"तूच बघ बाबा," तो म्हणाला. "त्यात सुई दिसतीय."