मशीनचा जामीन

पोलिसांनी चोर पकडायचा, न्यायालयाने त्याला न्याय द्यायचा आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याने हेलपाटे घालायचे, अशी कामाची वाटणी सर्व सुधारलेल्या समाजांत झालेली आहे. ती न समजल्याने आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशींना उगाच मनस्ताप झाला.

मावशी दोरा आणायला गेल्या असताना त्यांचे शिलाई मशीन भरदुपारी चोरीला गेले. लोखंडी पायांचे, पायाने चालवायचे मशीन काही खिशात घालून नेता येत नाही. भुरट्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इसमाने ते ओढत, ढकलत, धापा टाकत अख्ख्या गल्लीतून नेले. वाटेत एका गृहस्थांनी आपली स्कूटर बाजूला घेऊन त्याला वाट करून दिली. (शेजारधर्म आमच्याकडे अजून टिकून आहे.)

पोलिसांचे कौतुक करावे तेवढे थोडे. संध्याकाळच्या आत त्यांनी आरोपीला मुद्देमालासह पकडले. तो दमून पोलीस ठाण्याच्याच पायरीवर बसला होता हे खरे, पण पायरी पोलिसांचीच होती.

मावशी धावत ठाण्यात गेल्या. "साहेब, देव तुमचं भलं करो. नेऊ ना मशीन?"

साहेबांना धक्काच बसला. "नेऊ म्हणजे? अहो मावशी, तो पुरावा आहे आता. खटला संपेपर्यंत हलायचा नाही इथून."

"पण शाळा उघडायला आलीय. पोरांचे गणवेश वेळेत नाही दिले तर काम दुसरीकडे जाईल. मी खाऊ काय?"

"कायद्याला पोट नसतं, मावशी," साहेब हळहळले. (साहेबांना आहे.)

दुसऱ्याच दिवशी भुरट्याला जामीन मिळाला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे कायद्याचे पहिले तत्त्व. मशीन माणूस नसल्याने त्याला ही सवलत नाही. शिवाय भुरट्याला कायमचा पत्ता होता, म्हातारी आई होती, हमी द्यायला मेहुणा होता. मशीनचे असे कोणी नव्हते. त्यातून ते एकदा घर सोडून गेलेले, तेव्हा पुन्हा फरार होणार नाही याची खात्री कोण देणार?

कोठडीत त्याची आबाळ झाली असे मात्र म्हणता येणार नाही. गंज धरू नये म्हणून ते रोज चालवण्याची परवानगी हवालदारांनी मावशींना दिली. मावशी यायच्या, स्वतःच्याच मशीनवर बसायच्या आणि हवालदारांच्या विजारी सैल करून द्यायच्या. गणवेशाचे कापड आत आणायला तेवढी मनाई होती. पुराव्याचा खासगी वापर झाला असता.

शेवटी एका वकिलांनी तोडगा काढला. मशीन मावशींचेच आहे, एवढे एका शेजाऱ्याने कोर्टात येऊन सांगितले की झाले.

मावशींनी प्रत्येक दार ठोठावले. आमच्या गल्लीत कायद्याबद्दल अपार आदर आहे, म्हणून त्याच्या जवळपास कोणी फिरकत नाही. स्कूटरवाल्या गृहस्थांना अचानक कमी दिसू लागले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते." (हे मागेच पेपर वाचत होते.) जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या मास्तरांनी तर दारच उघडले नाही.

तारखेला एकच साक्षीदार हजर झाला. भुरट्या.

"साहेब, मशीन मावशींचंच आहे," तो न्यायाधीशांना म्हणाला. "मीच नेलं त्यांच्या घरातून. मला नाही माहीत तर कोणाला? त्यांचं त्यांना देऊन टाका."

त्याच्या वकिलाने कपाळावर हात मारला. मशीन सुटले, भुरट्या अडकला. मावशी कोर्टाच्या दारात उभ्या राहून ढसाढसा रडल्या, आणि ते रडणे मशीनसाठी नव्हते.

गणवेश वेळेत झाले. आता गल्लीत सगळे सांगतात की कायद्याचे हात लांब असतात, चोर शेवटी आत गेलाच.

"मी असतो तर नक्की साक्ष दिली असती," असे आपण आत्ता मनात म्हणालात ना? ऐकून फार बरे वाटले. परवा तुमच्या इमारतीखालून पेपरवाल्याची सायकल चोरीला गेली, तेव्हा तुम्ही गॅलरीतच चहा घेत होता. साहेब साक्षीदार शोधताहेत. तुमचं नाव सांगू?